आईला तहानच लागत नाही, असं कसं?

प्रश्न: माझी आई ७६ वर्षांची आहे, सोलापूरला असते. मे महिन्याच्या उन्हातसुद्धा दिवसभरात जेमतेम तीन भांडी पाणी पिते, तेही आम्ही मागे लागलो तर. म्हणते, तहानच नाही तर कशाला पिऊ? तिच्या शरीराला खरंच गरज नसेल का?

उत्तर: ताई, गरज आहे, नक्की आहे. आईंना तहान जाणवत नाही हे मात्र खरं असणार, त्यामुळे त्यांच्यावर चिडू नका. मेंदूतल्या रक्तवाहिन्या एरवी रक्तातलं काहीही सहज आत सोडत नाहीत, पण खोलवर काही इवल्याशा जागा अशा आहेत की तिथे हा पहारा सैल असतो, कारण तिथल्या पेशींना रक्त थेट चाखून बघायचं असतं. रक्त १-२ टक्क्यांनी जरी दाट झालं तरी या पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं, त्या आक्रसतात आणि आपल्याला तहान लागते. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं तर किडनी रेनिन नावाचं द्रव्य सोडते, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन नावाचं हार्मोन तयार होतं आणि तेही इथेच येऊन तहान लावतं. शिवाय मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून व्हासोप्रेसिन नावाचं हार्मोन सुटतं, ते किडनीला पाणी राखायला लावतं, म्हणून पाणी कमी पडलं की लघवी थोडी आणि गडद होते.

वय वाढलं की ही जाणीव मंदावते. १९८४ साली इंग्लंडमधला एक प्रयोग छापून आला होता, त्यात धडधाकट म्हातारी माणसं आणि तरुण अशा दोघांनाही २४ तास पाण्याविना ठेवलं, नंतर हवं तेवढं पाणी पुढ्यात ठेवलं तरी म्हातारी माणसं कमीच प्यायली आणि फारशी तहान नाही म्हणाली, रक्त दाट झालेलं असूनसुद्धा! त्यात भर म्हणजे, कुणाचंही पाणी घशाखाली उतरलं की ते रक्तात पोचायच्या आधीच मेंदू तहान शमवतो, म्हणजे दोन घोटांतच भागल्यासारखं वाटतं.

तेव्हा तहानेवर सोडूच नका. उठल्यावर, नाश्त्याला, गोळ्या घेताना, चहाच्या आधी असं वेळ ठरवून भांडं हातात द्या, ताक, पेज, कलिंगडही चालेल. फक्त हार्टचा किंवा किडनीचा त्रास असेल, लघवीच्या गोळ्या चालू असतील तर किती पाणी द्यायचं ते आधी डॉक्टरांना विचारा. आणि आई अचानक असंबद्ध बोलायला लागल्या किंवा फार झापड आली तर घरी पाणी पाजत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या.