मुंबईत राहतो, स्वयंपाक एकट्यापुरता, फ्रिज नाही, पगार बेताचा. रोज स्वस्तात काय करून खावं?

तुम्ही लिहिलंय की गोरेगावला दोघांत मिळून एक खोली आहे, शेगडी एकच, फ्रिज नाही आणि रात्री घरी पोचायला साडेआठ होतात. महिनाभर स्वयंपाक करून बघितला, पण भाजी कुजली, भात उरला, शेवटी बाहेरच खाणं झालं आणि वीस तारखेलाच हात आखडता घ्यावा लागला. तुमची ही अडचण मला नेमकी कळते. मी २०११ साली कराडकडच्या गावातून मुंबईत आले ती काळाचौकीच्या एका चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत. पहिली दोन वर्षं माझ्याकडेही फ्रिज नव्हता.

त्या दोन वर्षांत मी रोजचा खर्च वहीत लिहायचे. त्यातून एक गोष्ट लख्ख दिसली. डाळ, तांदूळ, बेसन, पोहे यात फारसे पैसे जातच नाहीत. एकट्या माणसाचे पैसे जातात ते जे उरून टाकावं लागतं त्यात, आणि संध्याकाळी पोटात कावळे ओरडायला लागल्यावर स्टेशनबाहेर जे घाईघाईने खाल्लं जातं त्यात. म्हणून स्वस्त पदार्थ शोधण्याआधी हे दोन खर्च कसे थांबवायचे ते बघा.

हे मला शिकवलं शेजारच्या मावशींनी. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्या सासूबरोबर कामगारांची खानावळ चालवायच्या. गिरणगावात अशा खानावळी घरोघरी होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, त्यांना सावकाराच्या दारातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. १९८२ च्या गिरणी संपानंतर मावशींची खानावळ बंद पडली आणि मी राहायला गेले तेव्हा त्या एकट्याच होत्या. त्या म्हणायच्या, "वीस माणसांचं मी न मोजता करते गं, एकाचं करायचं तर मोजावंच लागतं." आणि मला एक स्टीलची वाटी देऊन ठेवली होती. आमटीची नेहमीची वाटी. सगळं तिनेच मोजायचं. एकट्याच्या एका जेवणाला अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी डाळ. खिचडी असेल तर अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ आणि तीन वाट्या पाणी. भूक लागलेली असताना अंदाजाने तांदूळ घेतले की नेहमी दुप्पट घेतले जातात. तुमचा भात उरतोय तो त्यामुळेच.

आणि फ्रिज नसताना उरलेला भात ठेवू नका, हे मी कळकळीने सांगते. पहिल्याच मे महिन्यात मी रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देऊन डब्यात नेला. दोन दिवस उलट्यांनी अंथरुणावर होते आणि दोन दिवसांचा पगार कापला गेला तो वेगळाच. तांदळात काही जिवाणूंचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढीला लागतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष परत गरम करून किंवा फोडणी देऊनही जात नाही. गावाकडे थंडीच्या दिवसांत फोडणीचा भात खाऊन आपण मोठे झालो, पण मुंबईच्या दमट उकाड्यात तो भरवसा धरू नये. पोळीचं तसं नाही. ती कोरडी असते, रात्रभर फडक्यात गुंडाळून राहते. सकाळी तिचा कुस्करा करून कांदा, मिरची, शेंगदाण्याची फोडणी दिली की फोडणीची पोळी. सकाळच्या खाण्याला याच्याइतकं स्वस्त दुसरं काही मला माहीत नाही.

पोळ्या तुम्ही स्वतः करायचा हट्ट धरू नका. कणीक मळा, लाटा, भाजा, परात-पोळपाट धुवा, यातच घरी पोचल्यावरचा तुमचा वेळ संपेल. मुंबईत बहुतेक स्टेशनांच्या आसपास पोळी-भाजी केंद्रं आहेत, तिथे पोळ्या-भाकऱ्या नगावर मिळतात. आमच्या गल्लीत सध्या पोळी १० रुपयांना आहे. येताना तीन घ्या, दोन रात्री आणि एक सकाळच्या कुस्कऱ्याला. भाजी मात्र तिथून घेऊ नका. तीच महाग पडते आणि तीच घरी सहज होते.

सहज म्हणजे किती सहज ते पिठल्यावरून सांगते, कारण माझे आठवड्यातले दोन दिवस त्याचेच असत. जेवायच्या चमच्याने चार चमचे बेसन घ्या. दीड वाटी पाण्यातलं थोडं आधी घालून ते गुठळी न राहता कालवा, मग उरलेलं पाणी घाला. कढईत दोन चमचे तेल. मोहरी पूर्ण तडतडू द्या, अर्धवट तडतडली तर कडवट लागते. मग जिरं, हिंग, पाच-सहा ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या. लसूण कडेने तांबूस व्हायला लागला की चिरलेला कांदा आणि दोन मिरच्या. कांदा मऊ झाला की हळद, मीठ आणि वरून ते कालवलेलं बेसन. आता हात थांबवायचा नाही. दोन मिनिटांत ते एकदम आळतं आणि त्याचा फटफट आवाज यायला लागतो. गॅस बारीक करा, झाकण ठेवा, पाच मिनिटं वाफ द्या. वाफ दिली नाही तर बेसनाचा कच्चा वास राहतो आणि लोक म्हणतात पिठलं आवडत नाही. कोथिंबीर असली तर घाला. कपडे बदलून हातपाय धुवेपर्यंत जेवण तयार होतं आणि पोळीसकट ३० ते ३५ रुपयांत भागतं. दुपारचा डबा नेत असाल तर पाणी निम्म्याहून कमी घालून कोरडा झुणका करा, सकाळी केलेला दुपारपर्यंत उत्तम राहतो.

कुकर घ्यायचा तर तीन लिटरचा, आत दोन भांडी बसतील असा घ्या. खालच्या भांड्यात डाळ, हळद, हिंग. वरच्यात तांदूळ. कडेला जागा असेल तिथे एक बटाटा. एका गॅसवर तीन गोष्टी होतात. शेगडी एकच आणि खोलीमित्रालाही ती हवी असते, तेव्हा हे फार सोयीचं पडतं. वरण-भातावर लिंबू आणि तूप, आणि बटाटा कुस्करून त्यात कच्चा कांदा, मिरची, मीठ आणि थोडं तेल घातलं की झालं भरीत. दूध अर्ध्या लिटरची पिशवी आणली तर रात्री तापवून निम्मं प्या, निम्म्याला कोमट असतानाच विरजण लावा. मुंबईच्या हवेत पहाटेपर्यंत दही लागतं. ते सकाळीच संपवायचं, ताक करून किंवा पोह्यांवर.

आता मटकी. फ्रिज नसलेल्या माणसाला मटकीसारखा आधार नाही, आणि इथे मुंबईची हवा आपल्या बाजूने असते. एक वाटी मटकी रात्री झोपताना भिजत घाला. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात घट्ट बांधा, पुरचुंडी चाळणीत ठेवून वर झाकण. गावाकडे थंडीत मोड यायला दोन-दोन दिवस लागतात. इथे उन्हाळ्यात तुम्ही कामावरून परत येता तोवर पांढरी टोकं बाहेर आलेली असतात. एका वाटीची अडीच-तीन वाट्या होते. पहिल्या रात्री निम्मीची उसळ करा. कांदा, लसूण, कांदा-लसूण मसाला, आमसुलाचं एखादं फूल, रस्सा जरा पातळ. दोन पाव आणा, वर फरसाण टाकलं तर मिसळच झाली. उरलेली कच्ची मटकी धुऊन, निथळून परत स्वच्छ ओल्या फडक्यात बांधा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यातली मूठभर वाफवून कांदा, लिंबू, मीठ घालून खा आणि रात्री बाकीची तांदळात घालून मटकीभात. दिवसातून दोनदा धुवायची हे मात्र चुकवू नका. बुळबुळीत लागली किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या, दहा रुपयांसाठी पोट बिघडवू नका. मूग, चवळी, मसूर यांचंही असंच. मसुराला मोड येईपर्यंत थांबावंही लागत नाही.

तुमची भाजी कुजते ती खरेदीतच चुकते आहे. कोबी, फ्लॉवर, दुधी हे चार माणसांच्या घरचे. तुम्ही तोंडली, भेंडी, गवार, दोन वांगी, एक सिमला मिरची असं जे मूठभर किंवा नगावर मिळतं तेच घ्या. पावशेर मागायला लाजू नका, देतात. रात्री भाजीवाल्या उठायच्या वेळेला वाटे लावलेले असतात, टोमॅटोचा, मिरच्यांचा, लिंबांचा. त्या वाट्यात आजच्या आज संपवण्यासारखा माल असतो आणि तुम्हाला आजचाच हवा आहे. पालेभाजीची जुडी खोलीमित्राबरोबर अर्धी-अर्धी करा, किंवा मेथी आणली तर निम्मी रात्री वरणात आणि निम्मी चिरून सकाळी थालीपिठात. भाजणीचा अर्धा किलोचा पुडा महिनाभर पुरतो. कोथिंबीर मुळांसकट घ्या आणि पेल्यात पाणी घालून ठेवा, तीन दिवस टवटवीत राहते. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नका.

मासे खात असाल तर कोळणींकडून सुका जवळा आणून ठेवा. कोरडा तव्यावर भाजून, पाखडून, एकदा पाण्यातून काढायचा. एक मूठ जवळा, दोन कांदे, आमसूल, मसाला, आणि दहा मिनिटांत भाकरीबरोबर खायला होतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि ताजे मासे आपल्या आवाक्याबाहेर जातात, तेव्हा तर हा हवाच. फक्त खोलीमित्राला वास चालतो का ते आधी विचारून घ्या. नाही तर अंडी आहेतच, सहा-सहाच आणायची आणि आठवड्यात संपवायची.

मसाला एकच ठेवा. मी लालबागच्या मिरची गल्लीतून पावकिलो घेते, तो तीन महिने जातो. चार-पाच प्रकारचे पुडे आणले की सगळेच अर्धे राहून वास उडतो.

दुसरा खर्च संध्याकाळच्या भुकेचा. माझ्या वहीत महिन्याचा सगळ्यात मोठा आकडा हाच होता, जेवणापेक्षा मोठा. वडापाव वाईट नाही, मलाही आवडतो. पण रोजचा वडापाव, त्याच्यामागे चहा आणि कधी भजी, असे साठ-सत्तर रुपये सहज जातात, आणि घरी पोचल्यावर स्वयंपाक करायची इच्छा राहत नाही. म्हणून पिशवीत एक डबी ठेवा. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, गुळाचा खडा. किंवा एक केळं. गाडीत शिरल्यावर हात हलवायला जागा नसते, तेव्हा प्लॅटफॉर्मवरच खाऊन, पाणी पिऊन चढायचं. घरी पोचता तेव्हा पोट शांत असतं आणि पिठल्याची दहा मिनिटं जड जात नाहीत. रविवारी पातळ पोह्यांचा चिवडा करून ठेवा. पाव किलो पोहे मंद आचेवर भाजून, शेंगदाणे, डाळं, कढीपत्ता, मिरची फोडणीत तळून वर घालायचं. कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत फोडणी उतरवू नका. त्यात ओल राहिली तर चिवडा दोन दिवसांत मऊ पडतो. भडंगही असंच, आमच्याकडचं असल्याने मला जास्त प्रिय.

पावसाळ्यात हे सगळं सादळतं, घट्ट झाकणाचेच डबे घ्या. सादळलेले चुरमुरे आणि पोहे टाकू नका, तव्यावर मंद गरम केले की परत कुरकुरीत होतात. रवा आणल्याबरोबर भाजून ठेवा, नाही तर जुलैत अळ्या होतात. आणि मोठ्या दुकानातली दहा किलोची तांदळाची गोणी किलोमागे कितीही स्वस्त दिसली तरी एकट्याने घेऊ नका. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून किलो-किलोने घ्या. तोही सुटं देतो, आणि महिन्याच्या शेवटी अर्धा पाव बेसन मागितलं तरी देतो.

सुरुवातीला एवढंच आणा: एक किलो तांदूळ, अर्धा-अर्धा किलो तूरडाळ, मूगडाळ आणि बेसन, पाव किलो मटकी, पाव किलो शेंगदाणे, अर्धा किलो पोहे, तेल, मीठ, हळद, मोहरी, जिरं, हिंग, मसाला, आमसुलं, गूळ, कांदे-बटाटे-लसूण. आणि शनिवारी रात्री झोपताना मटकी भिजत घाला. रविवारी दिवसभर घरी असाल, तर पहिल्या खेपेला मोड कसे येतात ते फडकं उघडून मधूनमधून बघता येईल.