भूमितीय श्रेढीत भूमिती कुठेय?

प्रश्न असा आलाय की 2, 6, 18, 54 या दरवेळी तिप्पट होणाऱ्या आकड्यांच्या रांगेत, म्हणजे श्रेढीत, ना त्रिकोण ना वर्तुळ, मग हिला भूमितीय का म्हणायचं, आणि श्रेढी की श्रेणी?

भूमिती आहे, फक्त दिसत नाही. 4, 6, 9 घ्या, प्रत्येक वेळी दीडपट. आता 4 बाय 9 चा आयत काढा, क्षेत्रफळ 36, आणि तेवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू येते 6, म्हणजे बरोब्बर मधलं पद! अशा श्रेढीतले कुठलेही तीन लागोपाठचे आकडे घ्या (धन असले की झालं), मधला हा शेजारच्या दोघांच्या आयताचा चौरस करून देतो. त्याला भूमितीमध्य म्हणतात, दहावीच्या भूमितीत काटकोन त्रिकोणाच्या कर्णावर लंब टाकून जे प्रमेय घोकलं होतं ना, तोच हा, नाव तिथून आलंय. अंकगणिती श्रेढीत (दरवेळी तेवढीच भर पडते ती) मधलं पद नुसती सरासरी असते, 4 आणि 9 चं साडेसहा.

पण मला विचाराल तर गुणोत्तर श्रेढी हे नाव जास्त बरं. जुन्या गणितात उत्तर म्हणजे पदागणिक होणारी वाढ, आर्यभटाकडेही हाच शब्द आहे, मग ती वाढ बेरजेने न होता गुणून झाली की गुणोत्तर. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) द्विगुणोत्तर असा शब्द येतो, म्हणजे दर पदाला दुप्पट. आज आपण गुणोत्तर म्हणजे भागाकार समजतो, तरी गंमत बघा अर्थ बिघडत नाही, 18 भागिले 6 पण 3 आणि 54 भागिले 18 पण 3, नावातच तपासायची रीत आहे.

श्रेढीच म्हणा, लीलावतीत श्रेढीव्यवहार असं प्रकरणच आहे. श्रेणी म्हटलं तर कोणी फासावर देणार नाही पण परीक्षेतली श्रेणी, वेतनश्रेणी हे सगळं डोक्यात येतं.

एक खटकतं ते सांगतोच. "भूमितीय श्रेढीने वाढतंय" हे लोक नुसतं "लई झपाट्याने" या अर्थाने वापरतात. इंग्लिश अर्थतज्ज्ञ माल्थसने 1798 मध्ये लोकसंख्येबद्दल म्हटलं तेव्हा त्याला ठराविक पट म्हणायचं होतं. 1, 4, 9, 16 पण जोरात पळते, पण आधी चौपट मग सव्वादोनपट, म्हणजे ही ती नव्हेच. आणि 80, 40, 20, 10 ही दरवेळी निम्मी होत जाते तरी पक्की भूमितीय!