वाचक विचारतात : ठेल्यावरची तर्री आणि बिलातले दहा टक्के

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी बदलीने पुण्याहून नागपूरला आलो. रविवारी सकाळी मुलांना तर्री-पोहे हवेच असतात. सासूबाई मात्र ठेल्यावरचे खाऊ देत नाहीत; खायचेच असेल तर काचेचे दार असलेल्या हॉटेलात खा, असे त्यांचे म्हणणे आहे. चांगला ठेला ओळखायचा कसा?
— एक वाचिका, प्रतापनगर

उत्तर : सासूबाईंची काळजी खरी आहे, पण काचेच्या दारावरून पदार्थाचा ताजेपणा कळत नाही. तो कळतो खपावरून. ज्या ठेल्यावर पोह्यांची कढई तास-दीड तासात रिकामी होते आणि मालक दुसरा घाणा टाकायला घेतो, तिथले पोहे शिळे व्हायला वेळच मिळत नाही. उलट ज्या चकचकीत हॉटेलात दिवसभरात दहाच गिऱ्हाइके पोहे मागतात, तिथे सकाळचे पोहे दुपारी मायक्रोवेव्हमधून निघण्याची शक्यता अधिक असते.

यामागचे कारण साधे आहे. शिजवलेले अन्न साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात राहिले, की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. तांदळाच्या पदार्थांत, म्हणजे पोह्यांतही, बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही मरत नाहीत, पदार्थ कोमट राहिला की त्यांची वाढ होते, आणि त्यांतून तयार होणारे एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून ‘गरम करून देतो ना’ या आश्वासनाला फारसा अर्थ नाही. पदार्थ पहिल्यापासून गरम राहिला होता का, हे महत्त्वाचे.

तेव्हा ठेल्यापाशी गेल्यावर दोन मिनिटे नुसते उभे राहून पाहावे. चण्याच्या तर्रीचे, म्हणजे पोह्यांवर घालायच्या झणझणीत रश्श्याचे, पातेले पेटत्या शेगडीवर असावे आणि तिला कडेने बारीक उकळी फुटत असावी. पोह्यांत झारा घातला की वाफ यावी. मालक प्लेटमध्ये पोहे पसरतो, पळी पातेल्याच्या तळाशी नेऊन चणे उचलतो, मग तीच पळी वर आणून लाल तवंग घेतो आणि वरून कांदा, शेव, लिंबाची फोड देतो. हे सगळे पाच-सात सेकंदांत होते. या पाच-सात सेकंदांत मी त्याच्या हाताकडे पाहतो. नोटा घेणारा हात आणि कांदा टाकणारा हात एकच असेल, तर मी कांदा नको म्हणतो. न शिजवता प्लेटमध्ये पडणारी वस्तू तीच असते, आणि पोटाच्या बऱ्याच तक्रारी पोह्यांच्या नावावर खपतात त्या खरे म्हणजे कांद्याच्या, पातळ चटणीच्या आणि पिंपातल्या पाण्याच्या असतात. पाणी घरचे न्यावे.

आलूबोंडा किंवा भजी घेताना तेलाकडे पाहावे. तेल काळपट, दाट झाले असेल, त्यावर फेस राहत असेल आणि आच मंद असूनही धूर येत असेल, तर ते पुष्कळ वेळा तापवलेले आहे असे समजावे. तळणाच्या तेलातील ध्रुवीय घटकांचे, म्हणजे तेल वारंवार तापवल्याने त्यात वाढणाऱ्या घटकांचे, प्रमाण 25 टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, हा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. अर्थात ते मोजायचे यंत्र ठेलेवाल्याकडे नसते, म्हणून आपले डोळे आणि नाक हेच यंत्र. वर्तमानपत्राच्या कागदावर भजी घेऊ नयेत. छपाईची शाई गरम तेलात उतरते, आणि खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या वेष्टन-नियमांनी मनाई केली आहे. ठेल्यावर 14 आकडी नोंदणी क्रमांक लावलेला असेल तर उत्तमच. तो 2 ने सुरू होत असेल तर ती लहान व्यावसायिकाची नोंदणी असते, 1 ने सुरू होत असेल तर परवाना.

राहिली वेळ. तर्री-पोहे हा सकाळचा पदार्थ आहे आणि तो सकाळीच खावा. मागच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, दुपारी दीड वाजता एका ठेल्यावर मी कढईच्या तळाचे उरलेले पोहे खाल्ले. पोहे कोमट होते, हे पहिल्याच घासाला कळले होते. तरीही प्लेट संपवली आणि दोन दिवस अंथरुणावर काढले. दोष ठेलेवाल्यापेक्षा माझ्या हावरेपणाचा अधिक होता.

प्रश्न : एका उपाहारगृहाच्या फलकावर ‘सांबारवडी’ वाचून मी ती मागवली आणि सांबाराच्या वाटीची वाट पाहत बसलो. वाटी आली, पण कढीची. हा काय प्रकार आहे?
— एक वाचक, मूळ सातारा, सध्या हिंगणा मार्ग

उत्तर : विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. बाजारात ‘सांबार कसा दिला?’ असे विचारले, तर भाजीवाली जुडी पुढे करील. कोथिंबीर, खोबरे, खसखस, चारोळी यांचे सारण बेसनाच्या पारीत भरून ही वडी तळतात. तिलाच पुडाची वडीही म्हणतात. हिवाळ्यात, कोथिंबीर स्वस्त आणि कोवळी असताना, ती अधिक चांगली लागते. वाटी बरोबरच आली होती.

प्रश्न : दिवाळीनंतर रत्नागिरीहून माझे साडू आणि त्यांचे कुटुंब येणार आहे. त्यांना सावजी जेवण खाऊ घालायची फार इच्छा आहे, पण ते तिखट खात नाहीत. एकदा अशाच पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी काढल्याचा अनुभव गाठीशी आहे. काय करावे?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : सावजी हा मुळात नागपुरातील हलबा कोष्टी समाजाच्या, म्हणजे विणकरांच्या घरचा स्वयंपाक. त्याच्या मसाल्याची लांबलचक यादी, काळपट रंग आणि पूर्वी वापरले जाणारे जवसाचे तेल यांविषयी पुष्कळ बोलले जाते. तिखटाच्या कीर्तीमुळे मात्र त्याची चव मागे पडते, हे मला नेहमी खटकते. भाजलेल्या मसाल्याचा खमंगपणा जिभेला कळायचा असेल, तर जीभ शाबूत राहायला हवी.

युक्ती सोपी आहे. मिरचीचा जहाल अंश पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणजे रश्श्याचा बराचसा जाळ वर तरंगणाऱ्या तर्रीत, इथे तेलाच्या लाल तवंगात, असतो. भोजनालयात गेल्याबरोबर वाढणाऱ्याला ‘भाऊ, तर्री न मारता खालचा रस्सा द्या’ असे सांगावे. तो नाराज होत नाही, फार तर गालातल्या गालात हसतो. तर्री एका वाटीत वेगळी मागावी, म्हणजे ज्याला हवी तो घेईल. रश्श्याचे मटण मागवण्याऐवजी आधी सुके मागवून पाहावे, असे काही जण सुचवतात. माझा अनुभव उलट आहे, कारण सुक्यात मसाला तुकड्याला चिकटून राहतो आणि बाजूला काढता येत नाही. सोबत ज्वारीची भाकरी घ्यावी, कारण ती रस्सा चांगला शोषते आणि घास मोठा होतो.

तरीही कोणाला ठसका लागलाच, तर घटाघटा पाणी पिऊ देऊ नये. पाण्याने जळजळ तोंडभर पसरते. दही किंवा दूध द्यावे. त्यातले केसिन हे प्रथिन तो जहाल अंश धरून नेते. बऱ्याच सावजी भोजनालयांत दही मिळत नाही, म्हणून ते घरून डब्यात न्यावे. पाहुण्यांत कोणी शाकाहारी असेल, तर पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा आहेच. त्यालाही तर्रीचा हाच नियम लावावा.

प्रश्न : रामदासपेठेतील एका रेस्टॉरंटमध्ये बिलावर दहा टक्के सेवा शुल्क आणि त्यावर पुन्हा जीएसटी लावला होता. काढायला सांगितले, तर ‘सिस्टिममध्येच आहे’ असे उत्तर मिळाले. हे योग्य आहे का?
— एक वाचिका, धंतोली

उत्तर : योग्य नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवा शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही वसूल करता येत नाही आणि बिलाच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटीही आकारता येत नाही. उपाहारगृहांच्या संघटना याविरुद्ध न्यायालयात गेल्या होत्या. 28 मार्च 2025 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाच्या बाजूने निकाल दिला. रेस्टॉरंटने ऐकले नाही, तर बिल जपून ठेवावे आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. वाढणाऱ्याला बक्षिशी द्यावीशी वाटली, तर त्याच्या हातात द्यावी.

जीएसटी हा वेगळा विषय आहे. साध्या रेस्टॉरंटचा दर 5 टक्के आहे आणि तो भरावाच लागतो. मात्र कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने स्वतः कर भरण्याच्या योजनेत, असलेल्या लहान हॉटेलांना ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही; त्यांच्या बिलावर तसा उल्लेख असावा लागतो. त्यामुळे बिल वाचायची सवय ठेवावी, चष्मा लावून.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे आणि त्यांच्या जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. समृद्धी महामार्गाने छत्रपती संभाजीनगरला जायचे आहे. वाटेत कुठे जेवावे? पाण्याच्या बाटलीचे जास्त पैसे घेतात, त्याचे काय?
— एक वाचक, वर्धा मार्ग

उत्तर : 701 किलोमीटरचा हा महामार्ग प्रवेश-नियंत्रित आहे, म्हणजे जुन्या रस्त्यासारखे वाटेल तिथे ढाबा दिसला की थांबता येत नाही. पर्याय दोनच : महामार्गालगतच्या ठरावीक थांब्यांवर मिळेल ते खाणे, किंवा कारंजा, मेहकर, जालना अशा ठिकाणी इंटरचेंजवरून उतरून गावातल्या खानावळीत जेवणे. वडिलांच्या वेळेचा प्रश्न असल्याने मी दोन्हींवर अवलंबून राहणार नाही. ज्वारीच्या दशम्या, जवसाची कोरडी चटणी आणि एखादे फळ अशी शिदोरी सोबत असावी. वेळ झाली की त्यांनी ती खावी आणि बाकीच्यांनी पुढे हवे ते शोधावे. खानावळीत गेलात, तर तिथली रोजची थाळी मागवावी. सगळ्या प्रांतांचे पदार्थ छापलेल्या लांब मेनूतील बरेचसे पदार्थ शीतपेटीतूनच येतात.

पाण्याविषयी : दुकानात किंवा स्टेशनवरील स्टॉलवर छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. रेल नीरची एक लिटरची बाटली 22 सप्टेंबर 2025 पासून 14 रुपयांना आहे. मात्र बसवून वाढणाऱ्या हॉटेलांना छापील किमतीचे बंधन नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटले आहे. तिथे वाद घालण्यापेक्षा साधे पाणी मागावे.

प्रश्न : तर्री पार्सल घेतली, की उकळती तर्री प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतात. दुसरा उपाय?
— एक वाचिका, महाल

उत्तर : झाकणाला रबर असलेला स्टीलचा डबा घेऊन जावा. सुरुवातीला दुकानदार डब्याकडे जरा संशयाने पाहतो, कारण पिशवीचे माप त्याच्या हाताला ठाऊक असते आणि डब्याचे नसते. याच अंदाजाच्या घोळात डब्यात नेहमी थोडी जास्तच तर्री पडते, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.