मला सुचलं, म्हणजे कुणालाही सुचलं असतं?

प्रश्न : नमस्कार साहेब. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, तीन माणसं. २०१६ पासून आम्ही स्प्रे गनचे पितळी स्विव्हल बनवतो, म्हणजे गन आणि होजपाइप यांच्या मधला फिरता जोड. रंगारी घेतात, सांगोल्याकडचे डाळिंबवालेही घेतात. २०२१ मध्ये एका रंगाऱ्याचे पीस महिन्याभरात जाम होऊन परत आले. उघडले तर ओ-रिंगमधून, म्हणजे गळती अडवणाऱ्या रबरी कडीतून, झिरपलेला रंग बेअरिंगच्या छर्ऱ्यांत जाऊन वाळलेला. मग मी दोन ओ-रिंगच्या मधोमध बॉडीला दीड मिलिमीटरचं भोक पाडलं. आता गळती छर्ऱ्यांकडे न जाता बाहेर येते आणि ओ-रिंग बदलायला झाली हेही कळतं. गेल्या महिन्यात एका कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. हे भोक त्यांच्या पेटंटमध्ये आहे म्हणे. अर्ज ऑगस्ट २०१९ चा, मंजुरी पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये आली गेल्या डिसेंबरात. पंधरा दिवसांत बनवणं बंद करा म्हणतात. देवाशपथ सांगतो, मी त्यांचा पीस तोवर पाहिलासुद्धा नव्हता. भोक पाडायला काय अक्कल लागते? मला सुचलं म्हणजे कुणालाही सुचण्यासारखंच आहे ना? मुलगा म्हणतो, अमेरिकेत अशा पेटंटचा रिव्ह्यू होतो, आपल्याकडे होतो का? दोन्ही पीस आणि पेटंटची झेरॉक्स सोबत पाठवली आहे.
– एक वर्कशॉपवाला, सोलापूर

उत्तर : मालक, पत्र वाचायच्या आधी मी पीस उघडले. पेटंट एजंट होण्याआधी अकरा वर्षं वडिलांच्या लेथवर काढली आहेत, हात गप्प बसत नाही. तुमची सरक्लिप, म्हणजे आतले भाग जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी, उडून कपाटाखाली गेली ती अजून सापडलेली नाही, तेवढं माफ करा.

टेबलावर पेपर पसरून दोन्ही बॉडी शेजारी ठेवल्या. छर्ऱ्यांची ओळ तशीच, स्पिंडलला, म्हणजे मधल्या फिरत्या दांड्याला, दोन खाचा तशाच, भोकही जवळपास त्याच जागी. फरक एकच. त्यांच्या भोकावरून एक पातळ सैल कॉलर फिरते, बांगडीसारखी. तुमच्याकडे ती नाही. ही बांगडी लक्षात ठेवा, तुमची निम्मी केस तिच्यात आहे.

आधी तुमचा मुख्य प्रश्न. मला सुचलं म्हणजे कुणालाही सुचलं असतं का? गप्पांमध्ये हा मुद्दा बिनतोड वाटतो, सुनावणीत टिकत नाही. तुम्हाला सुचलं यातून दोन अर्थ निघतात. एक, गोष्ट सहज सुचण्यासारखी होती. दोन, तुम्ही हुशार आहात. समोरचा वकील दुसरा अर्थ उचलेल आणि तुमची तोंडभर स्तुती करेल. कायद्याला हुशार माणूस नकोच आहे. त्याला हवा असतो त्या धंद्यातला साधा जाणकार, ज्याला सगळं ठाऊक आहे पण ज्याच्या डोक्यात नवीन काही शिजत नाही. शिवाय तुम्हाला सुचलं २०२१ मध्ये, आणि घड्याळ थांबवायचं ते ऑगस्ट २०१९ मध्ये. त्या तारखेच्या आदल्या दिवशी बाजारात, पुस्तकांत, पेटंटांत जे होतं तेवढ्यावरून त्या साध्या माणसाने हे भोक पाडलं असतं का, एवढंच विचारायचं असतं. आणि पीस पाहिला नव्हता, ही शपथ मी मानतो, पण पेटंटभंगाच्या खटल्यात तिचा बचाव होत नाही. नक्कल केली नसली तरी भंग होतो.

कायद्याचे शब्द एकदा वाचून ठेवा. पेटंट कायदा १९७० चा, त्यातलं कलम २(१)(जेए). इन्व्हेंटिव्ह स्टेप म्हणजे आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती, किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही, आणि त्यामुळे ती गोष्ट जाणकाराला उघड वाटू नये. शेवटची अट सुटत नाही. नुसता माल खपतो म्हणून पेटंट टिकत नाही.

आता मिर्झापूरची गोष्ट. लेथवाल्या माणसाने ही ऐकायलाच हवी. पितळेच्या ताटल्या-वाट्या लेथवर घासून चमकवताना पूर्वी भांडं हेडस्टॉकला, म्हणजे लेथच्या फिरवणाऱ्या टोकाला, सिमेंटने चिकटवायचे किंवा जबड्यांत धरायचे. समोरून आधार नाही, त्यामुळे फिरता फिरता भांडं उडायचं, माणसाला लागायचं. एका कारखान्याने समोरून टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या आधार देणाऱ्या दुसऱ्या टोकाच्या, बाजूने दांड्याने भांडं दाबून धरायची रचना केली आणि १९५१ च्या अर्जावर पेटंट घेतलं. दुसऱ्या कारखान्याने तशीच रचना वापरली, भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, निकाल डिसेंबर १९७८. पेटंट रद्द झालं. काम सोपं झालं, धोका कमी झाला, हे खरं असूनही. न्यायालय म्हणालं, नुसत्या वर्कशॉपमधल्या सुधारणेपेक्षा जास्त काहीतरी लागतं. टेलस्टॉक लेथवाल्यांच्या ओळखीचाच होता, तो फक्त या कामाला लावला. आजही उघडपणाचा वाद निघाला की हा निकाल पुढे येतोच.

तुमच्या भोकाला हा निकाल लागू पडतो असं मला वाटतं. पण ‘मला वाटतं’ याची किंमत किती ते माझ्या खर्चाने कळलं आहे. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकातर्फे विरोधाचा अर्ज केला. मोठ्या तावात लिहिलं, ‘ही रचना कोणताही फिटर सहज करेल.’ सुनावणीत कंट्रोलरने, म्हणजे पेटंट कार्यालयातल्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने, शांतपणे विचारलं, हे कोणत्या कागदावर आहे? माझ्याकडे माझं मत होतं, फिटरचा कागद नव्हता. हरलो. गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. उत्तर समोर ठेवून प्रश्न सोपा म्हणणं हा या कामातला सगळ्यात जुना दोष आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रोश विरुद्ध सिप्लाच्या निकालात हीच पायरी बांधून दिली आहे. आधीचं काय आणि नवं काय यातला फरक बाजूला काढा, आणि नवी वस्तू ठाऊकच नाही असं धरून तो फरक उघड होता का ते बघा.

म्हणून कागद गोळा करा, आणि तेही सोलापुरातच. तुम्ही पत्रात मोटारीच्या वॉटर पंपाचा उल्लेख केला नाही याचं आश्चर्य वाटलं. सील आणि बेअरिंगच्या मध्ये खालच्या बाजूला भोक असतं ना? सील गळलं की पाणी तिथून ठिबकतं, बेअरिंग वाचतं, मेकॅनिकला कळतं. पण वॉटर पंप आणि स्प्रे गन यांत अंतर आहे असं समोरचा म्हणेल. त्याहून जवळचा पुरावा आपल्या सायझिंगवाल्यांकडे, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यांत, मिळेल. सायझिंगच्या गरम सिलिंडरला वाफ देणारे रोटरी जॉइंट बघितलेत? दाबाखालचा द्रव किंवा वाफ, एक बाजू फिरती, एक स्थिर, मध्ये सील, पलीकडे बेअरिंग. तुमच्या स्विव्हलचा थोरला भाऊच तो. अशा जॉइंटांच्या बॉडीला गळती बाहेर काढणारं भोक ठेवण्याची रीत आहे. एखाद्या जुन्या सायझिंगमध्ये जाऊन मेंटेनन्सच्या कपाटातलं कॅटलॉग मागा, आडव्या छेदाचं चित्र असलेलं, आणि छपाईची तारीख असलेलं. तारीख नसली तर तो कागद रद्दीच. सोबत पेटंटांच्या ऑनलाइन शोधात एफ१६एल २७ हा वर्ग चाळा, पाइपांचे हलते जोड तिथे असतात, आणि फवारणीसाठी बी०५बी. मुलाला बसवा, तुम्ही नका बसू, डोळे जातील.

कागद एक-दोनच पण नेमके हवेत. सहा ठिकाणचे सहा तुकडे जोडून स्विव्हल उभा केलात तर कंट्रोलर विचारेल, साध्या माणसाने हेच सहा का उचलले? रोटरी जॉइंटच्या बाबतीत याचं उत्तर तुमच्याकडे आहे. अडचण तीच, गळून बेअरिंग खराब होण्याची, म्हणून उपायही तिथूनच उचलला जाणार.

तुमच्या २०१६ पासूनच्या बिलांनी मात्र भोक सिद्ध होत नाही. बिलावर ‘ब्रास स्विव्हल पाव इंच’ एवढंच, आणि तेव्हा भोक नव्हतं हे तुम्हीच लिहिलंय. त्या बिलांचा उपयोग वेगळा. दोन ओ-रिंग, छर्रे, सरक्लिप ही बाकीची रचना २०१९ च्या आधी इथे उघडपणे विकली जात होती, हे त्यांतून दिसेल. सोबत त्या काळातलं ड्रॉइंग आणि एखादा जुना पीस ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाचं प्रतिज्ञापत्र जोडा. मग पेटंटमध्ये नवं म्हणून उरतं फक्त भोक, आणि भोकासाठी कॅटलॉग.

आता समोरच्याची बाजू, कारण ती लंगडी नाही. एअरलेस गनमध्ये, म्हणजे हवेशिवाय नुसत्या दाबाने रंग फवारणाऱ्या गनमध्ये, रंगाचा दाब दोनशे बारच्या आसपास असतो. ओ-रिंग फाटली तर भोकातून सुईसारखी धार निघते, ती कातडीत शिरते आणि माणसाला थेट ऑपरेशनला न्यावं लागतं. म्हणून त्यांचा वकील म्हणेल, हाताजवळ भोक पाडायला जाणकार माणूस धजावलाच नसता, आणि आम्ही ते सुरक्षित करून दाखवलं. त्या बांगडीचं काम हेच आहे. धार तिच्यावर आपटते, जोर मरतो, थेंब खाली पडतात.

झेरॉक्समधले दावे पुन्हा वाचा. दावे म्हणजे कोर्टातले नव्हेत, पेटंटने नेमकं काय आपलं म्हटलंय ती शेवटची क्रमवार कलमं. पहिल्या दाव्यात बॉडी, स्पिंडल, दोन ओ-रिंग, छर्रे, मधलं भोक, बस्स. बांगडी दुसऱ्या दाव्यात आहे. वकिलाने मसुदा करताना पहिला दावा रुंद ठेवला, हाव म्हणा की धंदा म्हणा, आणि त्या रुंदीत तुम्ही सापडलात. म्हणून झोडायचं ते पहिल्या दाव्याला. ‘सगळं पेटंटच उडवा’ असं तुम्ही पाकिटावर पेन्सिलीने लिहिलंय, तो नाद सोडा. दुसरा दावा मला मजबूत वाटतो आणि तो तुमच्या आड येत नाही, कारण तुमच्या पीसला बांगडी नाही. विरोध रंगला की ते बहुधा दोन्ही दावे एकत्र करून पेटंट आखडून घेतील. घेऊ द्या, तुम्ही बाहेर पडलात.

कलम ३(एफ) कुणी सुचवेल, म्हणजे ओळखीच्या वस्तूंची नुसती मांडामांड. मी त्यावर भर देणार नाही. ते कलम सुटी सुटी काम करणाऱ्या वस्तूंसाठी आहे, इथे भोक आणि ओ-रिंग एकमेकांच्या भरवशावर आहेत.

मुदतीचं सांगतो, इथे चूक झाली तर बाकी सगळं वाया. मंजुरी जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात कलम २५(२) खाली विरोध करता येतो, फॉर्म ७ वर, मुंबईच्या पेटंट कार्यालयात. जर्नल शुक्रवारी निघतं, तुमची नेमकी तारीख त्यावरून काढा. तुम्ही तीच वस्तू बनवता म्हणजे हितसंबंधी आहातच. तीन जणांचं विरोध मंडळ कागद बघून शिफारस करतं, निर्णय कंट्रोलरचा. वर्ष चुकलं तरी दार बंद होत नाही. उच्च न्यायालयात कलम ६४ खाली रद्द करायचा अर्ज करता येतो, त्यांनी कोर्टात भंगाचा खटला लावला तर बचावातही हेच मुद्दे घेता येतात. पण खर्चाचा आकडा वेगळा होतो. पेटंट मंजूर झालं म्हणजे सरकारने त्याची खात्री दिली असंही नाही, कलम १३(४) मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे.

मुलगा म्हणतो ते खरं आहे. अमेरिकेत पेटंट कार्यालयाच्याच मंडळापुढे असा रिव्ह्यू २०१२ पासून चालतो, फक्त आधीची पेटंटं आणि छापील साहित्य यांच्या आधारावर, आणि तो दाखल करून घेतला की सहसा वर्षात निकाल. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स निकालात गाडीच्या पेडलला सेन्सर जोडण्यावरून म्हटलं होतं की, ओळखीचे भाग ओळखीच्या पद्धतीने जोडून अपेक्षित तेच मिळालं तर ते उघडच. इथे ते बंधनकारक नाही. मात्र या कंपनीने तिकडेही अर्ज केला असेल, तर तिथल्या परीक्षकाने कोणते जुने कागद काढले ते फुकट बघायला मिळतं. तेच कागद इथे चालतात.

नोटिशीला मुदतीत उत्तर वकिलाकडून द्या. मी पेटंट कार्यालयापुढे उभा राहू शकतो, कोर्टात नाही. आणि त्यांच्या सेल्समनला तुम्ही व्हॉट्सॲपवर ‘हो, आम्हीपण भोक पाडतो, काय करणार’ असं पाठवलंत, त्याचा स्क्रीनशॉट तुम्हीच मला जोडलाय. यापुढे काही पाठवू नका.

एक कामाचं राहिलं. वाद संपेपर्यंत एअरलेसवाल्यांना ते उघडं भोक विकू नका, पेटंटसाठी नाही, त्यांच्या हातांसाठी. बांगडी लावाल तर दुसऱ्या दाव्यात जाल. भोक होजच्या बाजूला तिरकं काढून बघा, मनगटापासून लांब. थिनरवाल्या गिऱ्हाइकांना नायट्रिल रबराची ओ-रिंग देताय ती आधी बंद करा, फुगून गळायला तिथूनच सुरुवात होते. त्या जागी टेफ्लॉनची सील बसते का बघा.

पीस परवा कुरिअरने परत पाठवतो. सरक्लिप नवी घातली आहे.