काठावरून क्रॅपी: पहिल्या संध्याकाळसाठी
डॅलसमध्ये नवा आहेस ना, आणि क्रॅपी (गोड्या पाण्यातला एक चविष्ट मासा) धरायचीय, मग बोटीचा विचार आत्ता सोड. रे रॉबर्ट्स तलावाच्या स्टेट पार्कात जा. टेक्सासमध्ये स्टेट पार्कच्या काठावरून गळ टाकायला लायसन्स लागत नाही, फक्त प्रवेशाचे पैसे भर.

वसंतात पाणी 60-65 अंश फॅरनहाइटला आलं की क्रॅपी अंडी घालायला उथळात येते. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोच. मोकळ्या पाण्यात लांब फेकत बसू नकोस. बुडालेली झाडंझुडपं, धक्क्याचे खांब शोध. मासे तिथेच, पुष्कळदा अगदी काठालगत असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्रॅपी वर बघत खाते, म्हणून आमिष तिच्या खाली गेलं तर फुकट. फ्लोटखाली (दोरीवरच्या तरंगत्या बोंडाखाली) दोन फुटांवर जिवंत मिनो (आमिषाचा बारीक मासा) किंवा 1/16 औंसाचा जिग (वजनदार डोक्याचा नकली आमिषाचा गळ) लाव, मग अर्ध्या-अर्ध्या फुटाने खोली वाढव. फ्लोट बुडण्याऐवजी आडवा पडला तर मासा आमिष घेऊन वर आलाय, लगेच उचल. पण झटका नको! तिचा ओठ पापडासारखा पातळ, हमखास फाटतो. दोरी ताणलेली ठेवून सावकाश ओढ.

मुलं सोबत असतील तर त्यांना ब्लूगिलच (सहज गळाला लागणारा छोटा मासा) धरू दे: 8 नंबरचा गळ, गांडुळाचा छोटा तुकडा. त्यांचा उत्साह टिकतो.

क्रॅपी 10 इंचांहून लहान असेल तर ओल्या हातांनी धरून परत सोड. मर्यादा माणशी दिवसाला 25, पण घरच्यांपुरत्याच ने. हळद-मीठ चोळून, रव्यात घोळवून तव्यावर परत; फार गोड लागते.