मिस्सा इंग्रजीत, जपमाळ मराठीत

प्रश्न: आम्ही मूळचे वसईचे, आता डब्लिनला असतो. मुलगा दुसरीत आहे. येत्या मे महिन्यात त्याचा प्रथम ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) तो पहिल्यांदा प्रभूचं शरीर स्वीकारणार. शाळेत सगळी तयारी इंग्रजीतून चालते, प्रार्थनाही त्याला इंग्रजीतच येतात. सासूबाई फोनवर त्याच्याकडून मराठीत म्हणवून घ्यायला बघतात. तो गप्प बसतो, मग त्या हिरमुसतात. इथल्या केरळी कुटुंबांची मल्याळम मिस्सा असते, आपली काहीच नाही. मिस्टर म्हणतात, देवाला सगळ्या भाषा कळतात, पोराच्या मागे लागू नको. काय करू?

उत्तर: ताई, मिस्टरांचं खरं आहे, देवाला सगळ्या भाषा कळतात. आजीला मात्र कळत नाहीत. आजी आणि नातू दोघांनी मिळून देवापुढे बसावं असं वाटत असेल, तर थोडी मराठी प्रार्थना पोराच्या तोंडी यायलाच हवी. पण किती आणि कशी, ते नीट ठरवा.

आधी मिस्सेचं. केरळी शेजाऱ्यांकडे बघून जीव जाळू नका. त्यांच्यातले बरेचसे सिरो-मलबार या केरळातल्या कॅथोलिक चर्चचे. त्यांचा उपासनाविधीच वेगळा, म्हणून त्यांची मिस्साही वेगळी. आपण वसईकर लॅटिन परंपरेतले, आणि आयरिश लोकही त्याच परंपरेतले. तुमच्या घराजवळच्या चर्चमध्ये रविवारी जी मिस्सा होते ती तुमचीच. मराठी नाही म्हणून घरी सोफ्यावर बसून वसईची मिस्सा मोबाइलवर लावणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. आजारी माणसाला तो मोठा आधार आहे. धडधाकट माणसांनी, त्यातून ख्रिस्तप्रसादाची तयारी करणाऱ्या मुलानं, तसं करू नये. प्रभूचं शरीर पडद्यावरून स्वीकारता येत नाही.

सासूबाईंना त्यांच्या आईबद्दल विचारून बघा. त्या पिढीनं आयुष्यातली कितीतरी वर्षं लॅटिन मिस्सा ऐकली. कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, त्यानंतर मराठी वेदीवर आली. त्याआधी चर्चमध्ये फादर काय म्हणतात ते बहुतेकांना शब्दशः कळत नसे. तरी श्रद्धा पातळ झाली नाही, कारण दिवेलागणीला येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपुढे घरचे सगळे बसत आणि जपमाळ आपल्या बोलीत होई. त्याहूनही मागे जा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज मिशनरी निघून गेले. किल्ल्यातली मोठमोठी चर्चं आणि मठ ओस पडले, त्यांच्या भिंती आजही उभ्या आहेत. गावातले ख्रिस्ती मात्र ख्रिस्तीच राहिले. त्यात मोजक्या देशी धर्मगुरूंचा वाटा होता, तसाच घराघरांतल्या आयाबायांचाही होता. तुमच्या घरी आता तेच काम तुमच्याकडे आलं आहे.

पोराला दोन भाषांचा गोंधळ होईल ही भीती सोडा. तुमच्या घरी वसईची कादोडी बोली बोलत असाल तर तुम्हीही लहानपणी हेच केलंत: अंगणात एक बोली, प्रार्थनेला पुस्तकी मराठी. त्यानं तुमचं काही बिघडलं नाही.

आता करायचं काय. सासूबाईंनी फोनवर परीक्षा घेणं बंद करावं, ही पहिली गोष्ट, आणि ती मिस्टरांनी आईला सांगावी. तुम्ही सांगितलीत तर वेगळा अर्थ निघेल. परीक्षेऐवजी जपमाळ. पूर्ण पाच रहस्यं (दहा-दहा मण्यांचे पाच भाग) नकोत, एकच. एक प्रभूची प्रार्थना, दहा ‘नमो मरिया’, शेवटी गौरव. पाच-सहा मिनिटांत होतं. ‘नमो मरिया’चे मुळातच दोन भाग आहेत: पहिला पुढाकार घेणारा म्हणतो, दुसरा बाकीचे म्हणतात. पहिला भाग आजीचा, दुसरा नातवाचा. म्हणजे मुलाला येऊन जाऊन दोन ओळी शिकायच्या आहेत. पहिल्या दिवशी तुम्ही त्याच्याबरोबर म्हणा. दहा मण्यांत त्या दोन ओळी दहादा त्याच्या कानावर पडतात; रोज केलंत तर आठवड्यात सत्तर वेळा. घोकंपट्टी करायची गरजच उरत नाही. जीभ अडखळली तर आजीनं तिथेच दुरुस्त करू नये, पुढचा मणी घ्यावा. आणि त्या ओळींतल्या ‘मरणाच्या वेळी’ म्हणजे काय असं त्यानं विचारलंच, तर विषय टाळू नका. घरातलं कोणी गेलं तेव्हा आपण सगळ्यांनी काय प्रार्थना केली ते सांगा.

वेळ जुळवणं हीच खरी कसरत. उन्हाळ्यात डब्लिन भारताच्या साडेचार तास मागे असतं. वसईत संध्याकाळचे साडेसात म्हणजे तुमच्याकडे दुपारचे तीन, पोरगा नुकताच शाळेतून आलेला. ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली की सासूबाईंना साडेआठला बसावं लागेल. हे आधीच सांगून ठेवा. रोज जमलं नाही तर शनिवार-रविवार धरा, पण ठरलेला वार चुकवू नका. जपमाळ संपली की आजीकडून आशीर्वाद मागायचा, हेही त्याला लावा. हात जोडून तो मागतो तेव्हा पडद्यापलीकडे आजीचा हात आपोआप वर जातो. एवढ्यासाठी मी म्हणेन की नुसता आवाज नको, व्हिडिओ हवा.

काही गोष्टी इंग्रजीतच राहू द्या. पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे आपल्या चुका सांगणं, ज्या भाषेत त्याला मन मोकळं करता येतं त्याच भाषेत व्हावं. तिथे मराठीचा आग्रह धरणं मला चुकीचं वाटतं. शाळेत शिकवलेल्या प्रार्थनाही त्याच्याच आहेत, त्या मोडू नका. जेवणाआधीची प्रार्थना एक दिवस तो त्याची म्हणेल, एक दिवस तुम्ही तुमची म्हणा.

आणि एक. ख्रिस्तप्रसादाच्या मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थना असतात, मुलं एकेक विनंती वाचतात. त्यातली एक मराठीत वाचता येईल का, हे शिक्षिकेला आणि फादरांना विचारून बघा. परवानगी मिळाली तर ती दोन वाक्यं सासूबाईंना लिहायला सांगा, सोपी आणि छोटी. चर्चमधून मिस्सा थेट दाखवतात का तेही विचारा, म्हणजे त्यांना तिकडे बसून ऐकता येईल. विचारायचं ते आत्ताच विचारा; मे उजाडेपर्यंत मिस्सेची पुस्तिका छापून झालेली असते.