नाशिकमध्ये नाताळला गरजू मुलांना भेटी द्यायच्या आहेत, सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार मित्र, सातपूरला नोकरी, वर्गणी पंधरा हजार. येत्या नाताळला एखाद्या बालगृहात किंवा मजुरांच्या वस्तीवर जाऊन मुलांना भेटी द्यायच्या आहेत, आणि एकाकडे नाताळबाबाचा लाल ड्रेसही तयार आहे.

ड्रेस कपाटातच राहू द्या. बाकी सगळं जमण्यासारखं आहे.

मी अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते. गेली नऊ वर्षं नोव्हेंबर-डिसेंबरचे रविवार या कामात जातात. मी ख्रिस्ती नाही. आमच्या शेजारच्या बाई शरणपूरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच त्यांच्याकडून नाताळच्या करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट यायचं. एका वर्षी ते परत द्यायला गेले, पण ताटात घालायला घरात काहीच नव्हतं. रिकामं ताट कसं द्यायचं म्हणून उगाच विचारलं, "बाई, काही मदत हवी का?" तेव्हापासून अडकलेय.

शरणपूर ही नाशिकमधली, मिशनऱ्यांनी १८५०च्या दशकात वसवलेली वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे वाढली, शिकली. शोधप्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टनच्या मृतदेहाबरोबर आफ्रिकेतून इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट तिथलाच विद्यार्थी. बाई हे प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतात आणि वर म्हणतात, "तेव्हाही त्या पोरांना कुणी विचारलं नसणार, तुम्हाला काय हवंय म्हणून."

मीही पहिल्या वर्षी विचारलं नव्हतं. एका संस्थेत चाळीस मुलं आहेत एवढं कळलं, कानडे मारुती लेनमधून चाळीस सारखे डबे घेतले आणि २५ तारखेला सकाळी अकराला हजर. आमच्या आधी दोन ग्रुप येऊन गेले होते. मुलं साडेनवापासून सतरंजीवर बसलेली, तिसऱ्यांदा तेच स्वागतगीत म्हणत होती. आमच्यातल्या एकाने कापसाची दाढी लावलेली बघून एक चार वर्षांचा पोरगा असा काही किंचाळला की शेवटपर्यंत ताईच्या कडेवरून उतरला नाही. निघताना डबे ठेवायला कपाट उघडलं, तर आत आधीच डबे रचलेले. ते बघून मला घाम फुटला.

तेव्हा पहिली गोष्ट: बाजारात जायच्या आधी यादी. अमेरिकेत मुक्तिफौजेने, म्हणजे सॅल्व्हेशन आर्मीने, १९७९ साली हेच सुरू केलं. लिंचबर्ग नावाच्या गावी एका मॉलमधल्या नाताळच्या झाडाला देवदूतांची कार्डं टांगली, प्रत्येक कार्डावर एका मुलाची गरज. येणाऱ्याने एक कार्ड काढायचं आणि त्या एका मुलाची खरेदी करायची. आम्ही झाडबीड करत नाही, वहीचं पान फाडतो. नुसतं पहिलं नाव, वय, कपड्याचं माप, चपलेचं माप, आणि "तुला काय हवंय" याचं उत्तर. आडनाव नाही, फोटो नाही.

उत्तरं ऐकाल तर चक्रावाल. एका सात वर्षांच्या मुलाला सायकलीत हवा भरायचा पंप हवा होता. सायकल नव्हती, पंपच. गल्लीत सायकल असलेली बरीच पोरं होती, पंप कुणाकडेच नव्हता. एका बालगृहातल्या तेरा वर्षांच्या मुलीने लिहिलं, "कुलूप". आधी वाटलं लिहिण्यात चुकली. मग तिथल्या ताईंनी सांगितलं, इथे साबणापासून वहीपर्यंत सगळं सगळ्यांचं असतं. आम्ही लहानशी पत्र्याची पेटी आणि पितळी कुलूप घेतलं, दोन किल्ल्यांचं. तिने एक किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली, दुसरी ताईंकडे ठेवायला दिली आणि लगेच परत मागून घेतली. ताईंच्या परवानगीनेच, हे सांगून ठेवते. संस्थेचे नियम असतात, आपण ते मोडायचे नाहीत.

दुसरं, मोठ्या मुलांना विसरू नका. सहा वर्षांच्या पोरासाठी खरेदी करायला सगळ्यांना हौस असते. पंधरा वर्षांच्या मुलाचं पान शेवटी तसंच पडून राहतं आणि मग घाईत त्याला पेन मिळतं. मोठ्या मुलींना आतले कपडे, पॅड, नीट बसणारा कुर्ता हवा असतो, आणि हे तुम्हा चौघांना कुणी सांगणार नाही. एखादी बहीण, मैत्रीण बरोबर घ्या, तीच विचारेल.

कागदोपत्री थोडं. बालगृह बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली नोंदलेलं आहे का, हे सरळ विचारा. कलम ४१ प्रमाणे नोंदणी बंधनकारक आहे आणि चांगल्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही. अधीक्षकांना पंधरा दिवस आधी पत्र द्या, ओळखपत्र न्या. मुलांचे चेहरे मोबाईलमध्ये घेऊ नका. कलम ७४ खाली अशा मुलांची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि स्टेटसला टाकलेला फोटोही त्यात बसतो. खेळण्यावर आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. बटणासारखा सेल असलेलं काही लहान मुलांच्या हाती नको. वस्तू दिल्या तर देणगीवरची आयकराची सवलत मिळत नाही, तो हिशोब मनातून काढा.

आता वस्ती. पंधरा हजारांत तुम्ही साधारण पंचवीस मुलांचं नीट करू शकाल, आणि माझ्या मते ते बालगृहापेक्षा मळ्यांवर करा. डिसेंबरात पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी कुटुंबं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी, निफाड, इकडे मखमलाबाद-मातोरीपर्यंत उतरलेली असतात. थिनिंग (घडातले मणी विरळ करणं), डिपिंग (घड औषधात बुडवणं) चालू असतं, मुक्काम बागेच्या कडेला पालात. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा त्या पालात रात्र कशी जाते ते तुम्ही स्वेटर घालून बघा. तिथे खेळण्याच्या आधी स्वेटर, कानटोपी आणि चप्पल. स्वेटर आम्ही शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधून घेतो. मापाची यादी आधी दिली आणि बदलून देण्याचं बोलून ठेवलं की काम सोपं होतं.

चपलेचं माप कुणालाच सांगता येत नाही. आम्ही वर्तमानपत्र अंथरतो, पोराला त्यावर उभं करतो आणि पेन्सिलने पावलाभोवती रेघ ओढतो. पेन्सिल अंगठ्याच्या बेचक्यात गेली की गुदगुल्या होतात, पोरं खिदळतात, रेघ वाकडी जाते, पुन्हा काढायची. आतमध्ये नाव लिहायचं. मागच्या वर्षी मातोरीच्या पुढे एका पालाजवळ तीन भावंडांची पावलं काढून झाली. मागे त्यांची आई उभी होती. तिने कागदाच्या कोपऱ्यावर हळूच आपला पाय ठेवला, टाच भेगांनी फाटलेली, आणि मी वर बघताच मागे घेतला. "ठेवा की," म्हटलं. नाही-नाही करत ठेवला. तेव्हापासून आयांची पावलंही काढतो. तुमच्या बजेटमध्ये ते धरा.

मळेवाल्याला आणि मुकादमाला आधी भेटा, आणि सगळ्यांसमोर सांगा की याचे पैसे कुणाकडून घेणार नाही. आम्ही हे सांगितलं नव्हतं, तर एका बापाने स्वेटर हातात धरून विचारलं, "उचलीतनं कापतील का?" हंगामाआधी घेतलेली उचल फेडायला आलेला माणूस तो, त्याला फुकट हा शब्दच संशयाचा.

संशय दुसराही येतो, तोही मोकळेपणी बोलते. नाताळचं नाव घेऊन आदिवासी मुलांना वस्तू वाटल्या की धर्मांतराची कुजबुज सुरू होते. म्हणून पत्रक नाही, प्रार्थना नाही, गाणी नाहीत, गावात सरपंचांना आधी कल्पना. "नाताळ माझा, स्वेटर त्यांचा" असं बाई म्हणतात आणि विषय मिटवतात. केक नेलाच तर बिनअंड्याचा.

आणि वाटप करू नका. २३ तारखेच्या संध्याकाळी, मजुरी आटोपल्यावर, नाव लिहिलेलं गाठोडं आईबापांच्या हातात द्यायचं आणि निघायचं. पोराला ते कधी द्यायचं, कुणी दिलं म्हणून सांगायचं, ते त्यांचं ते बघतील. बालगृहात हेच तिथल्या ताईंच्या हातून. चार गाठोडी बिननावाची जास्तीची ठेवा, कारण यादी केली त्या दिवशी एखादं पोर मामाकडे गेलेलं असतंच.

नोव्हेंबरचा तिसरा रविवार यादीला, डिसेंबरचा पहिला खरेदीला, दुसरा बदलाबदलीला. तुम्ही डिसेंबर उजाडल्यावर विचारताय, म्हणजे यंदा उशीर झालाय. मग सरळ मकरसंक्रांतीला करा, थंडी तेव्हाही असते. वर्तमानपत्रं जाड बघून घ्या, मातीवर पातळ कागद फाटतो.